हवेविना आणि हवेसह : कारखान्यांचे विष जिवाणूंकडून फोडून घेण्याचा शंभर वर्षांचा इतिहास

१/२२
१८९५ साली युरोपात दोन गोष्टी घडल्या. इंग्लंडमधील एक्सेटर शहराचे नगर-सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरॉन यांनी सांडपाण्यासाठी बंदिस्त टाकी उभारली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ असे नाव दिले. त्याच वर्षी फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यात राबणाऱ्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे वैद्यकविश्वासमोर मांडले. एक गोष्ट जिवाणूंची, दुसरी रसायनांची. या दोन धाग्यांची गाठ पडायला जवळजवळ एक शतक जावे लागले. हा इतिहास त्या शतकाचा आहे.

२/२२
सुरुवात त्याहून जुनी आहे. १७७६ मध्ये इटलीतील मॅजोरे सरोवराच्या काठी आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी तळाचा चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले. तो वायू पेट घेत होता. आज त्याला मिथेन म्हणतात. तो येतो कोठून, याचे उत्तर मिळण्याची वाट १८६१ मध्ये खुली झाली. लुई पाश्चर यांना ऑक्सिजनविना जगणारे सूक्ष्मजीव आढळले. हवेवर जगणारे ते वायुजीवी आणि हवेविना जगणारे ते अवायुजीवी, ही विभागणी त्यांच्यापासून रूढ झाली.

३/२२
या विभागणीची गरज प्रयोगशाळेपेक्षा शहरांना अधिक होती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची संसद हैराण झाली. मँचेस्टरची आयर्वेल नदी तर कापड गिरण्या, रंगशाळा आणि मैला यांचे मिश्र गटार बनली होती. सांडपाणी शेतांवर सोडावे, तर वाढत्या शहरांना जमीन पुरेना. चुना वा तुरटी घालून ते निवळावे, तर गाळाचे ढीग साचू लागले. घाण नाहीशी होत नव्हती, केवळ जागा बदलत होती.

४/२२
कॅमेरॉन यांची टाकी या कोंडीतून निघालेली वाट होती. बंद टाकीत सांडपाणी संथपणे वाहू द्यायचे. जड घाण तळाशी बसते, वर साय धरते आणि मधल्या अंधारात अवायुजीवी जिवाणू तिला कुजवत राहतात. निघणारा वायू तेथेच दिव्यांसाठी वापरण्यात आला. मात्र टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ नसे. त्यामुळे ते पुढे दगड-खडीच्या गाळणथरांवर सोडले जाई, जेथे त्याला हवा लागे. म्हणजे आधी हवेविना, मग हवेसह, ही जोडी आरंभीच जमली होती. ती का जमते हे मात्र कोणालाही ठाऊक नव्हते.

५/२२
या प्रयोगाचे पडसाद मुंबईत फार लवकर उमटले. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ मध्ये सांडपाण्याच्या टाक्यांना वायू गोळा करण्याची सोय जोडण्यात आली. हा आश्रम १८९० मध्ये स्थापन करण्यात पुढाकार होता मुंबईचे महापालिका आयुक्त एच. ए. अ‍ॅक्वर्थ यांचा. मराठी इतिहासाच्या वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणाने परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध करणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. पोवाड्यांचा संग्राहक आणि भारतातील आरंभीचा जैववायू यांच्यात एवढेच अंतर होते.

६/२२
दुसरीकडे हवेचा पक्ष बलवान होत होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स प्रयोगकेंद्रात १८८७ पासून वाळूच्या थरांवर सांडपाणी थांबून-थांबून सोडण्याचे प्रयोग चालले. थरांना मधूनमधून विश्रांती दिली, की आत हवा शिरते आणि जिवाणू घाण फस्त करतात, हे तेथे सिद्ध झाले. लंडनमध्ये रसायनज्ञ विल्यम डिब्डिन यांनी हेच तत्त्व खडीच्या थरांत आणले. वाळू आणि खडी ही केवळ जिवाणूंची वसतिस्थाने होती. खरे काम त्यांच्यावर चिकटलेल्या चिकट थरात होत होते.

७/२२
मग १९१४ उजाडले. मँचेस्टरचे सल्लागार रसायनज्ञ गिल्बर्ट फाउलर १९१२ मध्ये लॉरेन्सला जाऊन आले होते. त्यांच्या प्रेरणेने डेव्हीहल्म येथील केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडण्यास आरंभ केला. पहिल्या खेपेस प्रक्रिया पूर्ण होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. त्यांनी तळाचा गाळ फेकला नाही. वरचे पाणी ओतून त्याच गाळावर नवे सांडपाणी घेतले आणि हेच पुन्हा पुन्हा केले. साचत गेलेल्या गाळामुळे पाच आठवड्यांचे काम २४ तासांच्या आत आले.

८/२२
त्या गाळात कामाला सरावलेल्या जिवाणूंची फौज होती. ३ एप्रिल १९१४ रोजी हे संशोधन मँचेस्टरमध्ये सादर झाले आणि ‘अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज’ म्हणजे सक्रिय गाळाची पद्धत जन्माला आली. जगातील बहुतेक मोठ्या शहरांचे सांडपाणी आजही याच तत्त्वावर शुद्ध होते. फाउलर काही वर्षांतच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले आणि ही विद्या भारतात आली.

९/२२
हवेचा पक्ष जिंकला, त्याला कायद्याचेही बळ होते. ब्रिटिश शाही आयोगाने १९१२ मध्ये नदीत सोडावयाच्या पाण्यासाठी मानके सुचवली : दर लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत तरंगते कण आणि पाच दिवसांत जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन २० मिलिग्रॅमपर्यंत. नुसत्या सेप्टिक टाकीला हे साधणे अशक्य होते. हवा देणाऱ्या टाकीला ते सहज साधले. अवायुजीवी प्रक्रिया मागच्या दाराशी गेली. जर्मनीत कार्ल इमहॉफ यांची दुमजली टाकी १९०६ नंतर पसरली, पण तिच्याकडेही मुख्यतः गाळ कुजवण्याचे काम राहिले. पाणी शुद्ध करण्याचा मान हवेला, गाळ जिरवण्याचे कष्ट अंधाराला.

१०/२२
या विजयाची किंमत होती. पाण्यात हवा ढकलण्यासाठी यंत्रे अखंड चालवावी लागतात, म्हणजे वीज जाळावी लागते. शिवाय वायुजीवी जिवाणू भरपूर ऊर्जा मिळवतात आणि भराभर वाढतात. त्यांच्या अन्नातील सुमारे निम्मा भाग नव्या जिवाणूंच्या देहात जातो, म्हणजेच पुन्हा गाळ होतो. अवायुजीवींच्या बाबतीत हे प्रमाण साधारण ५ ते १० टक्केच असते. उरलेला बहुतांश भाग मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. मैला आणि अन्नाचे उष्टे यांच्यापुरती ही किंमत शहरांना परवडली.

११/२२
कारखान्यांतून मात्र वेगळेच काही येत होते. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी डांबरापासून जांभळा रंग काढला. १८५८ मध्ये पीटर ग्रीस यांनी डायझो संयुगे शोधली. हे ग्रीस पुढे इंग्लंडमधील बर्टन येथील मद्यनिर्मितीच्या कारखान्यात रसायनज्ञ होते. त्यांच्या शोधातून ‘अ‍ॅझो’ रंगांचे घराणे उभे राहिले. त्यात दोन नायट्रोजन अणूंचा पूल दोन वलयांना जोडतो आणि त्या पुलामुळे रंग दिसतो. १८८४ चा काँगो रेड याच घराण्यातला. आजच्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग याच कुळातले आहेत.

१२/२२
कपड्यावरचा रंग उन्हात, घामात आणि साबणात टिकावा म्हणून तो घडवला जातो. जो रंग धुण्याला दाद देत नाही, तो जिवाणूलाही सहज दाद देत नाही. सक्रिय गाळाच्या टाकीतून अ‍ॅझो रंग बहुतांशी जसेच्या तसे बाहेर पडत, फार तर थोडे गाळाला चिकटत. ज्या मँचेस्टरची नदी रंगांनी बरबटली होती, त्याच मँचेस्टरात जन्मलेली पद्धत रंगांपुढे हतबल ठरली.

१३/२२
असे का व्हावे? जिवाणूला अन्नातून ऊर्जा मिळवायची, तर अन्नातून सुटणारे इलेक्ट्रॉनचे ओझे कोठेतरी उतरवावे लागते. ऑक्सिजन हाताशी असेल, तर ओझे त्याच्यावर उतरते. त्याच्याइतका आतुर हमाल दुसरा नाही. ऑक्सिजन नसेल, तर जिवाणू दुसरी जागा शोधतो. अ‍ॅझो रंगाचा पूल ही अशी जागा आहे. तेथे इलेक्ट्रॉन पोहोचले, की पूल मोडतो आणि रंग नाहीसा होतो. म्हणून जे हवेत जमत नाही, ते हवा काढून घेतल्यावर जमते.

१४/२२
हा पूल सजीवांत तुटतो, याचा गाजलेला पुरावा सांडपाण्यातून आलाच नाही, तो औषधातून आला. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये प्राँटोसिल या औषधाचा प्रभाव जाहीर केला. ते अ‍ॅझो कुळातले लाल रंगद्रव्य होते. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी दाखवले, की शरीरात त्या रंगाचे दोन तुकडे होतात आणि औषधी गुण त्यातील रंगहीन तुकड्यात, सल्फानिलामाइडमध्ये असतो. पूल तुटल्यावर उरणारे तुकडे निष्क्रिय नसतात, हा त्यातला धडा.

१५/२२
प्राँटोसिलचा तुकडा उपकारक निघाला. इतर अनेक रंगांचे तुकडे तसे नसतात. अ‍ॅझो पूल तुटल्यावर अ‍ॅरोमॅटिक अमाइन नावाची संयुगे उरतात. रेन यांनी १८९५ मध्ये ज्या कामगारांचे आजार नोंदवले, त्यांच्या व्यवसायातील कर्करोगाचे मूळ पुढे याच कुळातील बेन्झिडीन आणि नॅफ्थिलअमाइन यांसारख्या पदार्थांत सापडले. असे अमाइन सुटू शकणाऱ्या रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये, तर युरोपीय संघाने २००२ मध्ये निर्बंध घातले. रंगहीन झालेले पाणी डोळ्याला स्वच्छ दिसते. रंग गेला म्हणजे विष गेले, असे मात्र नाही.

१६/२२
येथे हवेचा पक्ष पुन्हा कामी येतो. अमाइनचे वलय हवेविना सहसा फुटत नाही, पण ऑक्सिजन मिळाला, की अनेक वायुजीवी जिवाणू ते फोडून त्याचा कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि अमोनिया करून टाकतात. म्हणून क्रम ठरला : आधी हवेविना पूल तोडायचा, मग हवेसह तुकडे जाळायचे. क्रम उलटा केला, तर रंग पहिल्या टाकीतून तसाच निघतो आणि दुसऱ्या टाकीत विषारी तुकडे तयार होऊन नदीत जातात. १९८० आणि १९९० च्या दशकांत प्रयोगशाळांतून ही दोन टप्प्यांची रचना पक्की होत गेली. कॅमेरॉन यांच्या टाकीमागच्या खडीला अखेर कारण सापडले.

१७/२२
हाच नियम क्लोरीनयुक्त द्रावकांनाही लागू पडला. ड्राय-क्लीनिंगमध्ये वापरले जाणारे टेट्राक्लोरोएथिलीन भूजलात उतरले, की हवेत जवळजवळ अभेद्य राहते. १९८५ मध्ये व्होगेल आणि मॅकार्टी यांनी दाखवले, की हवेविना त्याचे क्लोरीन एकामागून एक उतरते आणि तो प्रवास व्हिनाइल क्लोराइडपर्यंत जातो. हे थांबे धोक्याचे आहे. व्हिनाइल क्लोराइडमुळे यकृताचा दुर्मीळ कर्करोग होतो, हे १९७४ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिलच्या कामगारांच्या मृत्यूंतून उघड झाले होते. १९९७ मध्ये इथाका शहराच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातील गाळातून शेवटपर्यंत जाणारा जिवाणू वेगळा करण्यात आला. तो जेथे नसतो, तेथे उरलेले व्हिनाइल क्लोराइड फोडण्यास वायुजीवी उपयोगी पडतात. क्लोरीन जितके कमी, तितके हवेतले काम सोपे.

१८/२२
हडसन नदीने या कथेला मर्यादा घातली. तेथे १९४७ ते १९७७ या काळात विद्युत उपकरणांच्या कारखान्यांतून पीसीबी नावाची क्लोरीनयुक्त तेले सोडली गेली. १९८७ मध्ये संशोधकांना आढळले, की तळाच्या हवाहीन गाळात जिवाणूंनी स्वतःहूनच त्यांचे क्लोरीन उतरवण्यास आरंभ केला आहे. १९९१ मध्ये नदीच्या तळाचे काही भाग वेगळे कोंडून त्यांत ऑक्सिजन पुरवला, तेव्हा सुमारे अडीच महिन्यांत हलक्या झालेल्या पीसीबींचा मोठा हिस्सा फुटला. तरीही नदीचे काम जिवाणूंवर सोडता आले नाही. २००९ ते २०१५ या काळात यंत्रांनी तळ उपसावाच लागला. तत्त्व खरे होते, पण नदी म्हणजे प्रयोगशाळेतील टाकी नव्हे.

१९/२२
अवायुजीवी टप्प्याला कारखान्याच्या आवारात मानाचे स्थान मिळाले ते ऊर्जेमुळे. १९६९ मध्ये यंग आणि मॅकार्टी यांनी अवायुजीवी गाळणी मांडली. १९७३ च्या तेलसंकटाने विजेचा हिशेब बदलला. नेदरलँड्समध्ये खाट्झे लेटिंगा यांनी बीटच्या साखर कारखान्यांच्या सांडपाण्यावर काम करताना पाणी खालून वर चढवणारी उभी टाकी विकसित केली. तीत जिवाणू आपोआप मोहरीएवढे दाणे धरतात. दाणे जड असल्याने वाहून जात नाहीत. ही यूएएसबी पद्धत. एक किलो ऑक्सिजन-मागणी इतकी घाण अशा प्रक्रियेत फुटली, तर सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. कॅमेरॉन यांच्या पेटंटावरून अमेरिकेत नगरपालिकांना न्यायालयात खेचले गेले होते. लेटिंगा यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले नाही, म्हणून ती गरीब देशांतही वेगाने पोहोचली.

२०/२२
ती कानपूरला पोहोचली. २२ सप्टेंबर १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात प्राथमिक प्रक्रिया न करणाऱ्या चर्मोद्योगांना बंद करण्याचा आदेश दिला. गंगा कृती योजनेत डच सहकार्याने जाजमऊ येथे १९८९ मध्ये रोज ५० लाख लिटर क्षमतेचे प्रायोगिक यूएएसबी संयंत्र उभे राहिले. नंतरच्या ३.६ कोटी लिटरच्या संयंत्रात चर्मोद्योगांचे ९० लाख लिटर पाणी शहराच्या २.७ कोटी लिटर सांडपाण्यात मिसळून घेण्याची योजना होती. चामडे कमावण्याच्या पाण्यात सल्फेट असते. हवेविना त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, तो दुर्गंध सोडतो आणि मिथेन घटवतो. क्रोमियम तर धातूच आहे. जिवाणू त्याला फोडू शकत नाहीत, ते गाळात साचते. ते कारखान्यातच वेगळे काढावे लागते.

२१/२२
महाराष्ट्रात ही जोडी सर्वाधिक परिचित आहे ती साखरपट्ट्यात. मळीपासून मद्यार्क काढल्यावर स्पेंटवॉश उरतो. एक लिटर मद्यार्कामागे तो साधारण १० ते १५ लिटर निघतो आणि त्याची ऑक्सिजन-मागणी दर लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात असते. एवढ्या घाणीला थेट हवा द्यायची, तर विजेचे बिल आसवनीला बुडवील. म्हणून आधी बंद टाकीत त्याचा वायू काढतात आणि तो बॉयलरला इंधन म्हणून वापरतात. मग हवेचा टप्पा येतो. तरीही गडद तपकिरी रंग उरतोच, कारण मेलॅनॉइडिन नावाचे त्याचे रंगद्रव्य दोन्ही प्रकारच्या जिवाणूंना पुरून उरते. पुढे प्रेसमडसोबत कंपोस्ट करणे किंवा पाणी आटवून घट्ट करणे, हे उपाय त्यासाठीच आले.

२२/२२
या शतकाने शिकवलेली गोष्ट साधी आहे. दोन प्रकारचे जिवाणू एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले गेले, तोवर प्रश्न सुटला नाही. क्रम लागला, तेव्हा सुटू लागला. पण या जोडीत एक व्यावहारिक विषमता आहे. पहिला टप्पा वायू देतो, म्हणजे पैसे देतो. दुसरा टप्पा वीज खातो, म्हणजे पैसे घेतो. त्यामुळे पैशाची वा विजेची चणचण भासली, की काटछाट करण्याचा मोह दुसऱ्या टप्प्यावरच होतो. तो बंद पडला, तर मैल्याच्या बाबतीत पाणी अर्धवट शुद्ध राहते. रंग आणि द्रावकांच्या बाबतीत मात्र अर्धी वाट मूळ विषाहून घातक ठरू शकते. तेव्हा नदीत सोडलेले पाणी रंगहीन आहे, एवढ्यावरून कारखान्याला शाबासकी देण्यापूर्वी दुसऱ्या टाकीतली हवा चालू आहे का, हे विचारावे लागते. १८९५ मध्ये रेन यांनी नोंदवलेले आजार, पाहू जाता, या प्रश्नाचाच पहिला पुरावा होते.